भस्मक आणि बुलिमिया : एका आजाराची नावे आणि त्याविषयी विचारावयाचे प्रश्न

१. प्रास्ताविक

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने आजारावर लिहावे, हे वाचकांस प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु प्रस्तुत लेखाचे निमित्तच तसे घडले. गडहिंग्लज येथे अनेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय करणारे एक स्नेही आहेत. त्यांच्याकडे महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी वारंवार येत असे. थकवा, घशाशी जळजळ आणि दोन्ही गालांच्या मागील बाजूस सूज, अशा तिच्या तक्रारी होत्या. घरच्यांस ती सूज गालगुंडाची वाटली. वजन उंचीच्या मानाने ठीक होते. रक्तातील पोटॅशियमचे प्रमाण मात्र कमी आले. डॉक्टरांनी विचारले, "उलट्या होतात का गं?" तिने सांगितले, "न्हाई." "खाणं जास्त होतंय का?" "न्हाई." पुढे दाढदुखीसाठी ती दंतवैद्याकडे गेली, तेव्हा समोरच्या दातांची आतली बाजू आम्लाने झिजलेली त्यांस आढळली. त्यानंतर डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "उलटी होत न्हाई, डॉक्टर. मी काढतो."

(ह्या भागातील स्त्रिया बोलताना 'मी येतो', 'मी करतो' अशी रूपे सहज वापरतात, हे येथील वाचकांस सांगावयास नको.)

डॉक्टरांनी हे वाक्य मला सांगितले ते, मुलगी खोटे बोलत होती असे समजून. माझे मत निराळे पडले. तिने दिलेली पहिली दोन्ही उत्तरे मराठी व्याकरणाच्या दृष्टीने खरी होती. चूक असलीच तर ती प्रश्नात होती. ह्या आजारास आधुनिक वैद्यक बुलिमिया असे म्हणते. तो आजार काय आहे, आपल्या परंपरेतील 'भस्मक' रोगाशी त्याचे नाते काय, त्याविषयी मराठीत कसे विचारावे आणि त्यावर उपाय कोणते, ह्यांचा क्रमाने विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. रुग्णाची ओळख पटेल असे सर्व तपशील येथे गाळले आहेत.

२. शब्दाचा इतिहास

'बुलिमिया' हा शब्द मूळ ग्रीक. 'बूस' म्हणजे बैल आणि 'लिमॉस' म्हणजे भूक किंवा उपासमार. ह्या दोहोंपासून 'बैलाएवढी भूक' असा अर्थ निघतो, व त्यावरून पुष्कळदा असा समज होतो की प्राचीन ग्रीकांस ह्या शब्दाने खादाडपणा अभिप्रेत होता. प्रत्यक्ष प्रयोग पाहिले तर चित्र वेगळे दिसते. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील लेखक झेनोफोन ह्याने आर्मेनियाच्या बर्फातून केलेल्या कूचाचे वर्णन केले आहे. त्यात काही सैनिक वाटेत कोसळू लागतात. त्यांस काय झाले आहे हे झेनोफोनास कळत नाही. अनुभवी माणूस सांगतो की ही भुकेची मूर्च्छा आहे, त्यांस काही खावयास द्या म्हणजे ते उठतील. तसे केल्यावर ते उठून चालू लागतात. तेथे वापरलेला शब्द हाच.

इ.स. १०० च्या सुमारास प्लूटार्क ह्याने आपल्या खेरोनिया गावातील एका विधीची माहिती दिली आहे. त्या विधीत ही 'बैलभूक' एका दासाच्या रूपाने छड्या मारून घराबाहेर हाकलीत, आणि संपत्ती व आरोग्य ह्यांस आत बोलावीत. त्या छड्या आपल्याकडील निर्गुंडीच्या कुळातील झुडपाच्या असत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री केरसुणीने अलक्ष्मी बाहेर घालविण्याचा आपला आचार ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हा विधी परका वाटणार नाही.

तात्पर्य, ह्या शब्दाचा मूळ रोख अति खाण्यावर नसून उपासमारीवर होता. पुढे युरोपीय वैद्यकात त्यास अनावर खाण्याचा अर्थ चिकटला. तथापि हा मूळ अर्थ विसरू नये, कारण आजच्या आजाराचे मर्म त्यातच दडलेले आहे. ते पुढे स्पष्ट होईल.

३. भस्मक हा बुलिमिया नव्हे

कोणी फार खाऊ लागला की आपल्याकडे "भस्म्या रोग झालाय का?" असे सहज विचारतात. हा भस्म्या म्हणजे आयुर्वेदातील भस्मक अथवा अत्यग्नी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीविकारांच्या प्रकरणी त्याचा विचार आला आहे. कफ क्षीण होऊन पित्त वायूच्या साह्याने भडकले म्हणजे जठराग्नी अन्न झपाट्याने जाळतो, आणि अन्न संपल्यावर शरीराच्या धातूंसच जाळू लागतो. रुग्णास खाल्ले असता बरे वाटते, अन्न जिरले की तो व्याकुळ होतो. त्यावर जड, स्निग्ध, मधुर व शीत आहार, दुधातील खिरी वगैरे वारंवार द्यावयास सांगितले आहे.

ह्या वर्णनात तीन गोष्टी नाहीत, त्या ध्यानात घ्याव्यात. त्यात खाल्ल्याची लाज नाही, ते चोरून खाणे नाही आणि खाल्लेले मुद्दाम बाहेर काढणे नाही. भस्मकाच्या रुग्णास अन्न हवे असते आणि ते अंगी लागावे असेही वाटते. बुलिमियाच्या रुग्णास अन्न हवे असते, पण ते अंगी लागेल ह्याचीच त्यास धास्ती वाटते. तेव्हा आज कोणी सतत खात असूनही रोडावत असेल, तर वैद्याने प्रथम मधुमेह आणि कंठस्थ ग्रंथीचा अतिस्राव ह्यांची तपासणी करावी हेच योग्य. भस्मकाचे जुने वर्णन त्या विकारांच्या अधिक जवळचे आहे.

कोल्हापूर व बेळगाव ह्या सीमाभागातील जैन कुटुंबांतून आचार्य समंतभद्रांची आख्यायिका सांगितली जाते. त्यांस भस्मक व्याधी जडली. मुनिधर्माच्या मर्यादित आहारात ती शमेना. तेव्हा त्यांनी गुरूंकडे सल्लेखनेची अनुमती मागितली. गुरूंनी ती नाकारली आणि आधी व्याधी बरी करून ये असे सांगितले. पुढे शिवमंदिरातील नैवेद्याच्या अन्नावर त्यांची व्याधी शमली, असा त्या कथेचा ओघ आहे. आख्यायिका म्हणूनच तिच्याकडे पाहावे. तरी तीत एक शहाणपण आहे. भुकेच्या विकाराने ग्रासलेल्या साधूस कोणी अधम ठरविले नाही. त्यास व्याधी झाली आहे आणि व्याधीवर उपचार करावयाचा असतो, एवढेच गुरूंनी मानले. आजच्या रुग्णाच्या वाट्यास हा विवेक क्वचितच येतो.

४. आजाराचे स्वरूप

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल ह्यांनी १९७९ मध्ये तीस रुग्णांच्या निरीक्षणावर आधारलेला एक निबंध प्रसिद्ध केला आणि ह्या विकारास 'बुलिमिया नर्व्होसा' असे नाव दिले. अन्न वर्ज्य करून शरीर झिजविण्याचा विकार, म्हणजे अनोरेक्सिया, १८७३ पासून वैद्यकास परिचित होता. त्याचेच हे एक गंभीर रूपांतर आहे असे रसेल ह्यांचे म्हणणे होते. घशात बोटे घालताना दात लागून हाताच्या सांध्यांवर जे घट्टे पडतात, त्यांस आजही 'रसेल ह्यांची खूण' असे म्हणतात.

निदानाच्या प्रचलित कसोट्या अशा आहेत. पहिली, थोड्या वेळात, साधारण दोन तासांच्या आत, त्या परिस्थितीत बहुतेक माणसे खातील त्याहून स्पष्टपणे अधिक खाणे, आणि ते खाताना स्वतःवरील ताबा सुटल्याची जाणीव असणे. दुसरी, वजन वाढू नये म्हणून उलटी काढणे, रेचके किंवा लघवी वाढविणारी औषधे घेणे, कडक उपास करणे अथवा अतिरेकी व्यायाम करणे. तिसरी, ही दोन्ही कृत्ये सरासरीने आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने चालू राहणे. चौथी, आपल्या शरीराचा आकार व वजन ह्यांवरच आपली सारी किंमत ठरते असे वाटणे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या १९८७ च्या निदानग्रंथात आठवड्यातून दोनदा अशी अट होती, ती २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत एकदा अशी शिथिल करण्यात आली.

रुग्णाचे वजन बहुधा सामान्य असते. त्यामुळे घरच्यांच्या लक्षात काही येत नाही. विकाराची सुरुवात पुष्कळदा उत्तर किशोरवयात अथवा तारुण्याच्या आरंभी होते. मुलींत प्रमाण अधिक असले तरी मुलगेही त्यातून सुटलेले नाहीत. वजनी गटात बसण्यासाठी झटपट वजन उतरविणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीत, विशेषतः कुस्तीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या जिल्ह्यात, ह्याकडे डोळसपणे पाहावयास हवे.

शरीरावर होणारे परिणाम साधे नाहीत. वारंवारच्या उलट्यांनी व रेचकांनी पोटॅशियम घटते, आणि त्याची परिणती हृदयाचे ठोके अनियमित होण्यात, प्रसंगी मृत्यूतही होऊ शकते. दातांचे कवच झिजते, लाळग्रंथी सुजतात, अन्ननलिकेस चिरा पडून रक्त येते, मासिक पाळी अनियमित होते. रेचकांनी वजन कमी होते ही तर निव्वळ भ्रांती आहे. त्यांनी मुख्यतः पाणी व क्षार जातात, कारण अन्नातील बहुतेक पोषण त्याआधीच लहान आतड्यात शोषले गेलेले असते. उलटीनेही सारे अन्न बाहेर पडत नाही. म्हणजे ज्या हेतूने शरीराचा छळ चालतो तो हेतूही साधत नाही.

५. उपासातून अतिखाणे कसे निपजते

ह्या विकाराचे चक्र समजण्यासाठी एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४–४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज ह्यांनी छत्तीस निरोगी तरुणांस सहा महिने अर्धपोटी ठेवले. उपासमारीतून सुटलेल्या युरोपीय जनतेस पुन्हा कसे अन्न द्यावे हे ठरविण्यासाठी तो प्रयोग होता. ह्या तरुणांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. त्यांस अन्नाखेरीज काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले. आणि पुरेसे अन्न मिळू लागल्यावर त्यांतील काहींस पोट तुडुंब भरूनही थांबता येईना. हे तरुण पूर्वी मनोरुग्ण नव्हते. त्यांची ती अवस्था उपासमारीनेच केली होती.

बुलिमियाचे चक्र असेच चालते. वजन कमी करावयाचे म्हणून मुलगी सकाळी काही खात नाही, दुपारी अर्धी भाकरी खाते. सायंकाळपर्यंत शरीर हट्टाने अन्न मागू लागते. रात्री सर्व निजल्यावर ती स्वयंपाकघरात जाते आणि हाती येईल ते खाते. मग पश्चात्ताप, भीती, आणि काढून टाकणे. दुसऱ्या दिवशी काल खाल्ल्याचे प्रायश्चित्त म्हणून अधिक कडक उपास. त्या उपासातूनच पुढच्या रात्रीचे खाणे जन्मते. येथे झेनोफोनाचे बर्फात कोसळलेले सैनिक आठवतात. बैलभूक ही उपासमारीची लेक आहे, ही गोष्ट शब्दाने अडीच हजार वर्षे जपून ठेवली होती.

अर्थात केवळ उपास हेच कारण नव्हे. आनुवंशिकता, चिंता व नैराश्य, लहानपणी शरीरावरून झालेली चेष्टा, जवळच्या माणसाकडून झालेला आघात, असे अनेक धागे त्यात गुंतलेले असतात. परिस्थितीचा भाग किती मोठा असू शकतो ह्याचे एक उदाहरण फिजी बेटांवरील आहे. तेथील नद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. ॲन बेकर ह्यांनी त्याच वर्षी शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजनासाठी उलटी काढणारी एकही मुलगी आढळली नाही. १९९८ च्या पाहणीत ते प्रमाण ११.३ टक्के झाले होते. भरल्या अंगाची वाखाणणी करणारा तो समाज होता.

६. अंगाविषयीचे मराठी शब्द

आपला समाजही तसाच होता, ह्यास मराठी भाषा साक्ष आहे. वजन वाढले की आपण "तब्येत सुधारली" असे म्हणतो. म्हणजे वजनासच आरोग्याचे नाव दिले आहे. 'बाळसे धरणे', 'अंग भरणे', 'खात्यापित्या घरची' हे सारे प्रयोग कौतुकाचे. 'रोड', 'हडकुळी', 'वाळकी' हे शब्द कींव दर्शविणारे. "किती बारीक झालीस गं!" हे वाक्य एके काळी माहेरी आलेल्या लेकीस पाहून आई काळजीने म्हणत असे. आज तेच वाक्य मैत्रिणी शाबासकी म्हणून उच्चारतात. शब्द तेच राहिले आणि सूर उलटला. नात ज्या वाक्याने सुखावते त्याच वाक्याने आजी चिंतातुर होते, आणि एकाच घरात दोघी एकमेकींचे बोलणे समजल्याच्या भ्रमात राहतात.

दुसरा शब्द 'उपास'. "आज माझा उपास आहे" ह्या वाक्यास आपल्या घरात कोणी उलट प्रश्न विचारीत नाही. उपासाची परंपरा हे ह्या आजाराचे कारण आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. लाखो माणसे निरोगी मनाने व्रते करतात, आणि 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणून स्वतःची थट्टाही करतात. मात्र ज्यास न खाण्याची सबब हवी असते त्यास हा शब्द आडोसा देतो, हे घरच्यांस ठाऊक असावे. नवे नवे वार अचानक धरले जाऊ लागले तर त्यामागे श्रद्धा आहे की वजनाची भीती, हे प्रेमाने जाणून घ्यावे.

तिसरी गोष्ट अन्नाविषयीच्या संस्काराची. पानात टाकू नये हे आपण मुलांस प्रथम शिकवितो. ह्या संस्कारात वाढलेल्या मुलीस खाल्लेले अन्न ओकून टाकताना दुहेरी अपराध वाटतो, एक खाल्ल्याचा व दुसरा अन्न वाया घालविल्याचा. म्हणून ती ते सांगत नाही.

७. व्याकरण आणि निदान

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मराठीत भूक 'लागते', तहान 'लागते', उलटी 'होते', ओकारी 'येते'. ज्यास हे घडते तो वाक्यात 'मला' असा चतुर्थीत येतो. तो कर्ता नसतो, त्याच्यावर ही गोष्ट येऊन आदळते. सीमाभागातील कन्नडातही हीच रचना आहे. 'ननगे हसिवागिदे' म्हणजे शब्दशः 'मला भूक झाली आहे'. गडहिंग्लज तालुक्याच्या पूर्वेकडे दोन्ही भाषा बोलणाऱ्या घरांतून ह्या रचना एकमेकींस बळ देतात.

त्यामुळे "उलट्या होतात का?" ह्या प्रश्नाचा अर्थ 'आपोआप होतात का?' असाच होतो. जी मुलगी उलटी काढते तिचे खरे उत्तर 'नाही' हेच आहे. बरे, "उलटी करतेस का?" असे विचारूनही भागत नाही. "बाळाने उलटी केली" असेही आपण म्हणतो, आणि तेथे बाळाचा हेतू काही नसतो. म्हणजे 'करणे' हे क्रियापद येथे हेतू दर्शवीत नाही. 'वमन' म्हणावे तर तो शब्द पंचकर्मातील, वैद्याच्या देखरेखीखाली व्हावयाच्या उपचाराचा आहे. रुग्णाने स्वतः योजिलेला 'काढणे' हाच शब्द सर्वांत नेमका ठरतो.

ताबा सुटण्याची गोष्ट मात्र मराठी व्याकरण फार सुरेख रीतीने सांगते. मोरो केशव दामले ह्यांनी आपल्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त ज्यांस शक्य क्रियापदे म्हटले आहे, ती येथे कामी येतात. "माझ्याने राहवत नाही", "मला थांबववत नाही". येथे माणूस आपल्या कृतीचा धनी राहिलेला नाही, हे प्रत्ययातच सांगितलेले आहे. बुलिमियाच्या अनुभवाचे सार 'जास्त खाते' ह्यात नाही, 'खाताना राहवत नाही' ह्यात आहे. "खाणं जास्त होतंय का?" ह्यास ती मुलगी 'नाही' म्हणाली, कारण दिवसभर ती जवळजवळ उपाशीच असे.

१९९९ मध्ये लंडनच्या तीन संशोधकांनी अशा विकारांच्या प्राथमिक चाळणीसाठी पाच छोटे प्रश्न प्रसिद्ध केले. त्यांतील दोन किंवा अधिक प्रश्नांस होकार आला तर तज्ज्ञाकडून तपासणी करावी, असा संकेत आहे. डॉक्टर मित्राच्या आग्रहावरून त्या पाच विषयांस मी मराठीत पुढीलप्रमाणे घातले. ह्यास भाषांतर न म्हणता येथील बोलीस धरून केलेली मांडणी म्हणावे.

(१) पोट फार जड झाले, अस्वस्थ वाटू लागले, म्हणून बोट घालून किंवा आणखी कोणत्या रीतीने खाल्लेले काढून टाकतेस का?
(२) खायला बसल्यावर थांबावेसे वाटूनही थांबववत नाही, अशी काळजी वाटते का?
(३) गेल्या तीन महिन्यांत वजन सहा किलोहून अधिक उतरले का?
(४) बाकीचे बारीक आहेस म्हणत असताना तुला मात्र आपण जाड आहोत असेच वाटते का?
(५) काय खावे, काय खाऊ नये, ह्यातच सारा दिवस गुंतून जातो असे वाटते का?

मूळ तिसऱ्या प्रश्नात 'स्टोन' हे इंग्रजी वजनमाप आहे. ते सुमारे ६.३५ किलो भरते. ही मांडणी प्रत्यक्ष रुग्णांवर पडताळून पाहिल्याखेरीज तिला प्रमाण मानू नये. तोवर ती केवळ बोलणे सुरू करण्याचे साधन होय. हे प्रश्न आईवडिलांसमोर न विचारता एकांतात विचारावेत. आरंभी "असं पुष्कळांना होतं, म्हणून विचारतो" एवढे म्हटले तरी लाज निम्मी होते.

चौथ्या प्रश्नाविषयी एक सावधगिरी हवी. १९९५ मध्ये दिल्लीतील मनोविकारतज्ज्ञांनी पाच तरुण स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. खाणे नाकारणे, सतत उलट्या, वजन घटणे ही लक्षणे त्यांच्यात होती, परंतु आपण जाड आहोत ही पाश्चात्त्य ग्रंथांतील ठरावीक समजूत आढळली नाही. चेन्नईतील संशोधकांनीही त्याच दशकात भारतीय विद्यार्थ्यांतील खाण्यासंबंधीच्या अस्वस्थतेचा वेगळा विचार करावा लागेल असे मांडले. तेव्हा आपल्याकडील रुग्ण "मी जाड आहे" असे न म्हणता "पोटात गच्च होतं", "अन्न नकोसं वाटतं" असे सांगेल, ही शक्यता ध्यानी ठेवावी.

८. उपचार

हा विकार बरा होऊ शकतो, हे प्रथम सांगितले पाहिजे. ज्या उपचारास सर्वांत भक्कम पुरावा आहे तो म्हणजे विचार व वर्तन ह्यांवर आधारलेला मानसोपचार. ऑक्सफर्ड येथील ख्रिस्तोफर फेअरबर्न ह्यांनी त्यास ह्या विकारापुरते निश्चित रूप दिले. साधारण वीस आठवड्यांत वीस बैठका असे त्याचे मान असते. त्याचा पाया अगदी साधा आहे. दिवसातून तीन वेळा जेवण व मध्ये दोन-तीनदा थोडे खाणे, आणि दोन खाण्यांत तीन-चार तासांहून अधिक अंतर न पडू देणे. रात्री ताबा सुटला तरी दुसऱ्या दिवशीची न्याहारी चुकवावयाची नाही. प्रायश्चित्ताचा उपास बंद झाला की चक्राचा आराच निखळतो. ह्याबरोबर रुग्ण काय खाल्ले, केव्हा, कोठे, त्या वेळी मनात काय होते, ह्याची वही ठेवतो. वजन आठवड्यातून एकदाच पाहतो. पुढे 'भात खाल्ला की मी वाया गेले' अशा समजुतींची हळूहळू परीक्षा होते.

किशोरवयीन मुलांत कुटुंबास बरोबर घेऊन केलेला उपचार अधिक उपयोगी ठरतो. औषधांत फ्लुओक्सेटीनचा उपयोग सिद्ध झाला आहे. मात्र त्याची मात्रा व काळ मनोविकारतज्ज्ञानेच ठरवावा. रक्तातील क्षारांची व हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी. चक्कर येणे, छातीत धडधड, उलटीतून रक्त, अथवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे, ह्यांपैकी काही असेल तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे. मधुमेहाची एखादी तरुणी वजनासाठी इन्सुलिन टाळीत असेल, तर तोही ह्याच विकाराचा एक जीवघेणा प्रकार समजावा.

उलटी झाल्यावर लगेच दात घासू नयेत, कारण आम्लाने मऊ झालेले कवच त्याने अधिक झिजते. फक्त पाण्याने चूळ भरावी. लहानशीच ही सूचना, पण तिने दात वाचतात.

घरच्यांनी काय करावे? पहारा करू नये, न्हाणीघराच्या दाराशी कान लावू नये, "एवढं खाऊन कुठं जातं?" असे सर्वांसमक्ष विचारू नये. अंगावरून बोलणे, मग ते कौतुकाचे का असेना, पूर्णपणे सोडावे. सर्वांनी एकत्र बसून जेवावे आणि जेवताना जेवणाखेरीज अन्य गोष्टी बोलाव्यात. लग्न ठरवितानाच्या दाखविण्याच्या कार्यक्रमाआधी मुलीस बारीक होण्याचा आग्रह करणारे नातलग आपण काय पेरीत आहोत ह्याचा विचार करतील तर बरे.

गडहिंग्लजसारख्या गावी मनोविकारतज्ज्ञ दाराशी मिळत नाही. तथापि येथील उपजिल्हा रुग्णालयातून व कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातून पुढील मार्ग मिळू शकतो. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाने सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करून मराठीतूनही बोलता येते.

९. समारोप

ह्या आजारास मराठीत काय म्हणावे, असा प्रश्न डॉक्टरांनी मला केला होता. 'भस्मक' म्हणणे चूक ठरेल, हे वर दाखविले. संस्कृत धातूंपासून एखादा भारदस्त शब्द घडविता येईल, परंतु रुग्णास तो 'बुलिमिया' इतकाच परका राहील. माझे मत असे की शास्त्रीय लिखाणात 'बुलिमिया' हाच शब्द रूढ होऊ द्यावा, आणि दवाखान्यात 'खाण्यावरचा ताबा सुटण्याचा व खाल्लेले काढून टाकण्याचा आजार' असे सरळ सांगावे. 'भूक' हा शब्द संस्कृत 'बुभुक्षा' ह्यापासून आला आहे, आणि बुभुक्षा म्हणजे खाण्याची इच्छा. त्या इच्छेस गुन्हा ठरविणे, आणि मग त्या गुन्ह्याची रोज शिक्षा भोगणे, हे ह्या आजाराचे स्वरूप आहे.

त्या मुलीस डॉक्टरांनी कोल्हापुरास पाठविले. आता ती सकाळी न्याहारी करते, असे तिच्या आईने त्यांस कळविले आहे. मधूनमधून जुने दिवस परततात. परंतु ते परतले की ती सांगते. डॉक्टर आता प्रत्येक तरुण रुग्णास "उलटी होते का?" ह्यानंतर "काढावी लागते का?" हा दुसराही प्रश्न विचारतात. दोन-तीन उत्तरे त्यांस ह्या प्रश्नामुळेच मिळाली, असे ते म्हणतात. बोलींच्या अभ्यासाचा उपयोग काय, असे आम्हांस वारंवार विचारण्यात येते. ह्यापुढे त्यास उत्तर देताना मी ही एवढी हकीकत सांगत जाईन.